वाळूजमधली कपात: परमनंटला पत्र, कंत्राटीला बंद गेट, आणि उपोषणाचा प्रश्न

भाऊ, तुमचं म्हणणं मला असं कळलं: ऑर्डरी घटल्या म्हणून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या तुमच्या कंपनीनं 38 परमनंट कामगारांना कपातीची, म्हणजे नोकरीवरून कमी केल्याची, पत्रं दिली. त्याच लाइनवर तेच काम करणाऱ्या कंत्राटी पोरांचे गेटपास मात्र एका सकाळी चालेनासे झाले, ना पत्र ना हिशोब. कागदोपत्री परमनंट 170, कंत्राटी अडीचशेच्या वर. एकाच कामाला दोन न्याय का, आणि गेटवर आमरण उपोषणाला बसावं का, हे तुम्ही विचारलंय.

उपोषणाला आत्ता बसू नका, त्याचं कारण पुढं येईल. आधी निरोप फिरवा की कुणीही राजीनाम्यावर सही करायची नाही. "राजीनामा लिहून द्या, दोन पगार जास्त देतो" असं एचआरवाले एकेकट्याला केबिनमध्ये बोलावून सांगतात. स्वेच्छेनं नोकरी सोडली की कायद्याच्या भाषेत ती कपातच राहत नाही, मग भांडायचं कशावर? पैसे बँकेत आले तर येऊ द्या, आणि "हक्क राखून स्वीकारले" असं लेखी कळवून पोच घ्या.

कायदा बदललाय. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. वर्ष भरलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागं 15 दिवसांचा सरासरी पगार, सरकारला सूचना, हे जुनंच पुढं चालू आहे. ग्रॅच्युइटी वेगळी. पुनर्कौशल्य निधीतून, म्हणजे काढलेल्या कामगाराला नवं काम शिकता यावं म्हणून असलेल्या निधीतून, 15 दिवसांचा पगार 45 दिवसांत खात्यात येणं, ही त्यात नवी भर. शेवटी आलेला आधी जातो, हा नियमही आहे. तेव्हा ज्येष्ठता यादी मागा. वीस वर्षांच्या माणसाला काढून त्याच कामावरचा परवाचा पोरगा ठेवला असेल, तर कंपनीनं त्याची कारणं नोंदवलेली हवीत. युनियनच्या कमिटीतलेच यादीत जास्त दिसले तर तेही लिहून ठेवा.

खरा घाव आकड्यात आहे. कपातीआधी सरकारची परवानगी घेण्याची अट जुन्या कायद्यात शंभर कामगारांपासून लागायची, आता तीनशेपासून. तुमची कंपनी 170 दाखवते, म्हणून परवानगीचा प्रश्नच येत नाही असं ती म्हणणार. पण आवारात तर चारशेच्या वर माणसं राबतात! उरलेली ठेकेदाराच्या रजिस्टरवर आहेत. ठेका नुसता दिखाऊ आहे, पोरं मुळात कंपनीचीच आहेत, हे सिद्ध झालं तर आकडा तीनशेच्या पार जातो आणि विनापरवानगी केलेली परमनंटांची कपातही अडचणीत येते. म्हणजे पोरांची केस ही परमनंटांवर उपकार करण्याची गोष्ट नाही, त्यांची स्वतःची ढाल आहे. वाळूजच्या बऱ्याच युनियननी कंत्राटी पोरांना वर्गणीपुरतंही जवळ केलं नाही. करार झाला की वाढ आपली आणि पोरं ठेकेदाराची. त्याची किंमत आता मोजावी लागतेय, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोरांना एकट्यानं हे जमत नाही, कारण त्यांच्यापुढं दारंच बंद केलेली आहेत. आपल्याकडं कुणीही सांगतं, "1971 च्या राज्याच्या कायद्याखाली अनुचित प्रथेची, म्हणजे मालकाच्या गैरवागणुकीची, तक्रार टाका." पण 2001 मध्ये सुप्रीम कोर्टानं कल्याणी स्टील्स आणि सिप्लाच्या प्रकरणांत सांगितलं की मालक-नोकर हे नातंच वादात असेल तर ते आधी दुसरीकडं सिद्ध करून या, मग ही तक्रार. त्याच वर्षी स्टील ऑथॉरिटीच्या निकालात कोर्ट म्हणालं की ठेका बंद झाला म्हणून कुणी आपोआप कंपनीचा होत नाही, ठेका खोटा असल्याचं औद्योगिक न्यायाधिकरणापुढं दाखवावं लागेल. थोडक्यात, परमनंटला अन्याय सिद्ध करायचा असतो आणि कंत्राटीला आधी आपण कंपनीचे कामगार आहोत हेच.

म्हणून पुरावा आत्ताच गोळा करा. रजा कोण मंजूर करायचं? शिफ्टचे मेसेज व्हॉट्सॲपवर कंपनीचा सुपरवायझर टाकायचा ना, ते स्क्रीनशॉट ठेवा, फोन बदलायच्या आधी. प्रॉडक्शन शीटवर, ट्रेनिंगच्या हजेरीवर पोरांच्या सह्या असतात. पीएफचं पासबुक सगळ्यात बोलकं: तीन ठेकेदार बदलले आणि माणूस त्याच मशीनवर, तर मालक कोण हे न सांगता कळतं. ठेकेदारानं शेवटचा पगार बुडवला असेल तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, ती मागणी लगेच लावा. मुख्य कामात कंत्राटी लावायला नवी सुरक्षा-आरोग्य संहिता मनाई करते. तिला अपवाद भरपूर आहेत, तरी असेंब्ली लाइन हे मुख्य काम नाही असं सांगताना कंपनीच्या वकिलाला घाम फुटेल.

ॲप्रेंटिस असतील तर त्यांची गोष्ट वेगळी. 1961 च्या कायद्यानं ते शिकाऊ, कामगार नव्हेत. ठरावीक मुदतीवर घेतलेल्यांची मुदत संपणं ही कपात धरत नाहीत, पण वर्षभर काम केलं असेल तर ग्रॅच्युइटी सोडू नका.

आता आंदोलन. संपाला आता सगळीकडं 14 दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा जास्त कामगारांनी मिळून किरकोळ रजा टाकली तरी तो संपच. गेटवर बसलात की कंपनी कोर्टातून अमुक मीटर लांब राहण्याचा मनाई हुकूम आणते, पोलीस जमावबंदी दाखवतात, आणि चर्चा कपातीवरून तुमच्या वागण्यावर जाते. वाळूजच्या उन्हात चौथ्या दिवशी कुणी घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, दाखल झालं तर साहेब लोक येतील, तोंडी आश्वासन देऊन सरबत पाजतील आणि जातील. असं मी पुष्कळ पाहिलंय.

त्यापेक्षा परमनंट आणि कंत्राटी दोघांचं एकच मागणीपत्र करा, कामगार उपायुक्त कार्यालयात देऊन शिक्क्याची पोच घ्या आणि समेटाची कारवाई, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यासमोर तडजोडीची बोलणी, सुरू करून घ्या. ती चालू असताना वादाच्या विषयातल्या सेवाशर्ती कंपनीला कामगारांच्या विरोधात बदलता येत नाहीत. पण त्याच काळात संपावरही बंदी असते, म्हणून क्रम नीट ठरवा. धरणं द्यायचंच तर सुट्टीच्या वारी, परवानगी काढून, शहरातल्या क्रांती चौकात. बायका-लेकरांना आणा. अर्ज कुठल्या कोर्टात टाकायचा हे कामगार कायद्याच्याच वकिलाला विचारा, जमिनीच्या केसेस लढणाऱ्या गाववाल्याला नको.

आणि घाई एका गोष्टीची करा. वाळूजजवळच्या रांजणगाव, जोगेश्वरीच्या खोल्यांचं भाडं थकलं की पोरं गंगाखेड, सेनगाव, गेवराईकडं परत जातील. त्याआधी प्रत्येकाचं ओळखपत्र, पासबुकाची प्रत, गावचा पत्ता, घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी फोन नंबर आणि युनियनला दिलेलं सहीचं अधिकारपत्र फाइलला लावा. समेटाकडं जायची मुदत दोन वर्षांची आहे, पण साक्षीला बोलवायची वेळ येते तेव्हा माणूस सापडावा लागतो.