चॅफीवरच्या तुझ्या टिपणाबद्दल

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. नॉर्वेच्या लष्करातील चॅफी रणगाड्यांवरचे तुझे टिपण मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. मेहनत पानोपानी दिसते. परंतु पहिल्याच परिच्छेदात तू या रणगाड्यांना ‘चालते-फिरते भंगार’ म्हणून मोकळा झाला आहेस आणि पुढची चार पाने ते विशेषण खरे करून दाखवण्यात खर्ची घातली आहेस. निकाल आधी आणि साक्षीपुरावे मागाहून, असा हा प्रकार झाला.

तुझे आकडे बरोबर आहेत, त्यांबद्दल तक्रार नाही. 1944 साली अमेरिकेत ज्याचे उत्पादन सुरू झाले असा हा सुमारे 18 टनांचा हलका रणगाडा. त्यावर 75 मिमीची तोफ, पोटात कॅडिलॅक मोटारीची दोन पेट्रोल इंजिने आणि धडाच्या पुढच्या बाजूस अवघे 25 मिमी जाडीचे चिलखत. 1970 च्या दशकात सोव्हिएत टी-62 रणगाड्याशी त्याची उघड्यावर गाठ पडली असती तर काय झाले असते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. चूक होते ती पुढे. ही गोष्ट नॉर्वेच्या अधिकाऱ्यांना कळत नव्हती असे तू धरून चालतोस. ती त्यांना पुरती कळत होती, आणि म्हणूनच त्यांनी जे केले ते केले. त्यांच्याकडे जर्मनीहून घेतलेले 78 लेपर्ड-1 रणगाडे होतेच. रणगाड्याचे काम त्यांच्याकडे सोपवलेले होते. जुन्या चॅफींपैकी 54 निवडून, ते मायदेशातील थुने-युरेका या कारखान्याकडून नव्याने बांधून घेतले आणि त्यांचे नावच बदलले. नवे नाव एनएम-116 पान्सरयागर, म्हणजे रणगाड्यांची शिकार करणारे वाहन. ज्याच्याकडून रणगाड्याचे काम होणार नाही त्याला रणगाडा म्हणायचे नाही, इतका प्रामाणिकपणा त्या नावात आहे. तुझ्या टिपणात हे नाव फक्त एकदा, तेही कंसात आले आहे. माझ्या मते टिपणाची सुरुवातच त्याने व्हायला हवी.

आता तोफेकडे ये. जुन्या तोफेच्या जागी फ्रेंच बनावटीची 90 मिमी तोफ बसवली, याला तू ‘वरवरची डागडुजी’ म्हणतोस. जोरदार वेगाने गोळा फेकणाऱ्या तोफेचा मागे बसणारा धक्का, ती जिच्यात बसते त्या लहानशा फिरत्या घुमटीला, म्हणजे बुरुजाला, सोसला नसता. म्हणून कमी दाबाची, कमी धक्क्याची तोफ निवडली. तिचा गोळा चिलखत भेदतो तो वेगाच्या जोरावर नव्हे. आतील स्फोटकाला दिलेल्या पोकळ शंकूच्या आकारामुळे स्फोटाची शक्ती एका बिंदूवर एकवटते आणि चिलखताला भोक पडते. याची किंमतही मोजावी लागते. गोळा संथ असल्यामुळे तो अधिक कमान घेतो, आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम जातो. म्हणूनच लेझरवर चालणारे अंतरमापक बसवले गेले. तू तोफ एका पानावर आणि अंतरमापक तिसऱ्या पानावर, ‘इतर सुधारणा’ या मथळ्याखाली दिला आहेस. ही दोन्ही एकाच निर्णयाची अंगे आहेत, त्यांची ताटातूट करू नकोस.

इंजिनाबद्दल तू दोन ओळी लिहिल्या आहेस. मी वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो. दोन पेट्रोल इंजिने काढून एकच डेट्रॉइट डिझेल बसवले, याने पल्ला वाढला आणि आगीची भीती कमी झाली, हे तर आहेच. परंतु त्याच घराण्याचे डिझेल इंजिन एम-113 या सैनिकवाहक गाडीतही वापरले जात होते, आणि ती गाडी नॉर्वेच्या सैन्यात होती. लहान लष्कराच्या भांडारात दोन वाहनांना ओळखीचे इंजिन असणे म्हणजे काय, हे ज्याने सुट्या भागाची वाट पाहिली आहे त्यालाच कळते. माझ्या नोकरीत एक धडधाकट गाडी एका रबरी सीलसाठी पावसाळाभर शेडमध्ये उभी राहिलेली मी पाहिली आहे. पोलाद टिकते, रबर वाळते. पुढच्या चिलखतामागे बसणारा मशीनगनवालाही त्यांनी कमी केला, त्यामुळे पाचाचे चार जण झाले आणि ती जागा तोफगोळ्यांना मिळाली. चिलखत मात्र होते तेवढेच राहिले. हे लपवू नकोस, पण त्यावर चार पानेही लिहू नकोस.

कारण या वाहनाने उभे कुठे राहायचे, यावर सारे अवलंबून होते. उत्तर नॉर्वेतील अरुंद दऱ्या, मोजके रस्ते, दोन्ही अंगांना डोंगर किंवा पाणी; तिथे आधीच हेरलेल्या जागी दबा धरायचा, गोळे झाडायचे आणि मागच्या जागी सरकायचे. तुला याचे जवळचे उदाहरण हवे असेल तर 21 नोव्हेंबर 1971 ची, आजच्या बांगलादेशातील गरीबपूरची लढाई वाच. तिथे पाकिस्तानी चॅफी पहाटेच्या धुक्यातून चाल करून आले आणि त्यांची वाताहत झाली. त्यांच्यासमोर आपल्या 45 कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे हलके पीटी-76 रणगाडे होते, जे पाण्यात तरंगतात आणि ज्यांचे चिलखत चॅफीहूनही पातळ असते. मेजर दलजितसिंग नारग तिथे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. आपले रणगाडे मात्र पायदळाच्या सोबतीने जागा धरून वाट पाहत होते. चिलखताच्या जाडीचा तक्ता मांडून ही लढाई उलगडत नाही. नॉर्वेचे काम त्यानंतर काही वर्षांतच झाले. दोन्हींचा संबंध होता असा दावा करू नकोस, फक्त शेजारी ठेव.

उरुग्वेचा परिच्छेद मी गाळेन. त्यांनीही चॅफी एकविसाव्या शतकापर्यंत ठेवले, हे खरे. पण त्यांच्यासमोर सोव्हिएत सीमा नव्हती, त्यामुळे तिथला प्रश्न निराळा आहे आणि त्याला निराळे टिपण लागेल.

शेवटी तू विचारले आहेस की 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ही वाहने निवृत्त झाली, हा पराभव मानावा का. सोव्हिएत संघ 1991 साली विसर्जित झाला. ज्या नेमणुकीसाठी ही वाहने बांधली होती ती नेमणूक उरली नाही. एवढेच लिही.

दुसरा मसुदा पाठवण्यापूर्वी अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात एक दिवस घालव. हलक्या रणगाड्यांशेजारी उभा राहा, बुरुजाचा घेर वितीने मोज, आणि त्यात 90 मिमीची तोफ व तीन माणसे कशी बसली असतील याचे चित्र कागदावर काढून आण. चित्र वाईट आले तरी चालेल.

तुझा,
काका