मंडईच्या (दिवाळीनंतर पूर्व विदर्भात गावोगावी भरणाऱ्या जत्रेच्या) डान्स-हंगाम्यात मी नाचते. एजंट माझ्या नाईटमधून, म्हणजे एका रात्रीच्या मानधनातून, २० टक्के कापतो. हे रास्त आहे का?

२० टक्के चालतील, पण कार्यक्रम ठेवणारं गावचं मंडळ तुमच्या नाचासाठी एजंटला जी रक्कम देतं तिच्यावर. तुमच्या हातात पडणाऱ्या रकमेवर नाही. टक्केवारीला कायद्याची मर्यादा नाही, ठरेल तो करार, म्हणून खरी गोम आकड्यात नसून तो कशावर लावला यात असते. समजा मंडळाने ५,००० दिले, तुम्हाला ३,००० सांगितले आणि त्यातून परत ६०० कापले. तुम्हाला मिळाले २,४००, त्याचे झाले २,६००. म्हणजे निम्म्याहून जास्त! हे कमिशन नव्हे.

सुपारी (कार्यक्रमाचं काम) घेतानाच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: तारीख, गाव, किती गाणी, किती वाजेपर्यंत, मंडळाची पूर्ण रक्कम, कमिशन. निम्मा ॲडव्हान्स आधी. गाडीभाडं आणि जेवण वेगळं, त्यावर कमिशन नाही. अवकाळी पावसाने कार्यक्रम रद्द झाला तर ॲडव्हान्स कोणाचा, हेही त्याच मेसेजमध्ये. उरलेले पैसे शेवटच्या गाण्याच्या आधी घ्या. पहाटे मंडप रिकामा झाला की अध्यक्षही सापडत नाही आणि खजिनदारही. वन्स मोअरला पडलेलं बक्षीस कोणाचं, हेही आधीच ठरवा, भांडणं बहुतेक तिथेच होतात.

मात्र गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी (पूर्व विदर्भातल्या) नाटक कंपनीत अख्ख्या सीझनसाठी लागल्या असाल, तर हा हिशेब लागू नाही. तिथे कंपनीच तुमची मालक, राहणं-खाणं-गाडी तिचीच. तेव्हा ठरलेल्या नाईटमधून कमिशन कापायचं कारणच नाही.