औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार कोणाला?

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये शिकते. घसा दुखत होता म्हणून ती दवाखान्यात गेली, तेव्हा तिला नर्सनेच तपासून अँटिबायोटिकची चिठ्ठी लिहून दिली. तिच्या मैत्रिणीला तर फार्मासिस्टने डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचूनच मूत्रमार्गाच्या संसर्गावर गोळ्या दिल्या. हे कायद्याला धरून आहे का? आणि अशा नर्सची चिठ्ठी भारतात चालेल का?

उत्तर : दोन्ही गोष्टी तेथील कायद्यात बसतात, मात्र दोन्हींमागचा कायदेशीर आधार एक नाही, आणि बहुतेकांचा गोंधळ नेमका येथेच होतो.

पहिला प्रसंग खऱ्या अर्थाने चिठ्ठी लिहिण्याचा आहे. ब्रिटनमध्ये नर्सना हा अधिकार देणारा कायदा 1992 मध्ये झाला. सुरुवातीला तो समाजात जाऊन काम करणाऱ्या नर्सपुरता आणि औषधांच्या छोट्या यादीपुरता होता. 2006 पासून अतिरिक्त प्रशिक्षण घेतलेल्या नर्स व फार्मासिस्ट यांना आपल्या क्षमतेच्या कक्षेतील जवळजवळ कोणतेही औषध स्वतःच्या जबाबदारीवर लिहून देता येऊ लागले, आणि 2012 मध्ये मॉर्फिनसारखी नियंत्रित औषधेही, काही अपवाद वगळता, त्यांच्या कक्षेत आली. पुढे फिजिओथेरपिस्ट, पायांच्या विकारांवर उपचार करणारे पोडियाट्रिस्ट आणि 2018 मध्ये पॅरामेडिक यांनाही ही वाट खुली झाली. नेत्रतपासणी करणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टचा अधिकार मात्र डोळा आणि त्याभोवतालच्या भागाच्या विकारांपुरताच आहे.

नर्सची पदवी असली की हा अधिकार आपोआप मिळतो, असे मात्र नाही. नोंदणीनंतर किमान एक वर्ष उलटल्यावर मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि तशी स्वतंत्र नोंद तेथील नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या नोंदवहीत व्हावी लागते. ही नोंदवही कोणालाही पाहता येते. शंका असल्यास आपल्या मुलीला ती ऑनलाइन तपासता येईल. शिवाय चिठ्ठीची पूर्ण जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते. दवाखान्यातील डॉक्टरांच्या नावामागे नर्सला लपता येत नाही. माझ्या मते या व्यवस्थेचे खरे बळ येथे आहे, कारण पदापेक्षा प्रशिक्षण आणि उत्तरदायित्व यांना तेथे अधिक वजन दिले आहे. उलट, त्याच दवाखान्यात रुग्ण तपासणारे फिजिशियन असोसिएट, कित्येकांना डॉक्टरच वाटत असले तरी, त्या भूमिकेत चिठ्ठी लिहू शकत नाहीत.

मैत्रिणीच्या बाबतीत बहुधा चिठ्ठी लिहिलीच गेलेली नाही. ठरावीक लक्षणे असलेल्या रुग्णांना ठरावीक औषध ठरावीक मात्रेत देण्याची लेखी परवानगी आधीच तयार केलेली असते. तिला 'पेशंट ग्रुप डायरेक्शन' म्हणतात, आणि तिच्यावर डॉक्टर व फार्मासिस्ट यांच्या सह्या व संबंधित संस्थेची मंजुरी लागते. जानेवारी 2024 अखेरीस इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या 'फार्मसी फर्स्ट' योजनेत सात साध्या आजारांसाठी अशीच सोय आहे. त्यांत घशाचा संसर्ग येतो, तसाच 16 ते 64 वयाच्या स्त्रियांचा गुंतागुंत नसलेला मूत्रमार्गाचा संसर्गही येतो. येथे फार्मासिस्टला चौकटीबाहेर पाऊल टाकता येत नाही. रुग्ण गरोदर असेल किंवा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याची शंका असेल, तर तिला डॉक्टरांकडे पाठवावेच लागते. चिठ्ठी लिहिण्याचा स्वतंत्र अधिकार मिळवलेला फार्मासिस्ट स्वतःही चिठ्ठी लिहू शकतो, पण दुकानातील प्रत्येक फार्मासिस्ट तसा असेलच असे नाही.

भारतात ती चिठ्ठी चालणार नाही. आपल्या 1945 च्या औषध नियमांनुसार अनुसूची एच, एच 1 आणि एक्स या याद्यांमधील औषधे किरकोळ विक्रीत केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच देता येतात, आणि नर्स त्या व्याख्येत बसत नाही. मुलगी सुट्टीत येथे येणार असेल आणि उपचार चालू असतील, तर पुरेशी औषधे मूळ वेष्टणासह सोबत आणावीत आणि पुढील औषधांसाठी येथील डॉक्टरांना दाखवून नवी चिठ्ठी घ्यावी.