दवाखाना विकताना नावाची किंमत

"इतकी वर्षे जोडलेल्या पेशंटची काहीच किंमत होणार नाही का?" निवृत्तीला आलेले बहुतेक जनरल प्रॅक्टिशनर हाच प्रश्न घेऊन, दवाखान्यांची किंमत काढून देणाऱ्या माझ्याकडे येतात. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना असलेल्या डॉक्टरांच्या मनात तर गाळ्यासकट ऐंशी लाखांचा आकडा पक्का होता. मुलगी वास्तुविशारद, त्यामुळे पुढे चालवणारे घरात कोणी नव्हते.

मी प्रथम गाळा वेगळा काढला, कारण त्याची किंमत बाजारभावाने ठरते आणि घेणारा तरुण डॉक्टर तो भाड्यानेही घेऊ शकतो. ईसीजी यंत्र आणि फर्निचर जुन्या भावाने जाणार होते. खरा प्रश्न नावलौकिकाचा (गुडविलचा), म्हणजे जोडलेल्या पेशंटच्या किमतीचा होता. वार्षिक जमा ३० लाख होती, पण विवरणपत्र १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४४एडीएखाली, जमेच्या निम्मा नफा धरून भरलेले असल्यामुळे खर्चाची नीट वही नव्हतीच. औषधे, कंपाउंडरचा पगार आणि स्वतःचा गाळा असल्यामुळे कधीच न मोजलेले भाडे धरून खर्च १७ लाखांवर गेला. उरलेल्या १३ लाखांतून त्याच कामासाठी पगारी डॉक्टर नेमल्यास द्यावे लागणारे १० लाख वजा केले, तेव्हा हाती राहिले ३ लाख. पेशंट पाटीकडे नव्हे, माणसाकडे येतात, म्हणून अशा दवाखान्याला मी या रकमेच्या दीडपटीहून अधिक नावलौकिक धरत नाही.

डॉक्टर दुखावले. ते १० लाख आपल्या श्रमाचे आहेत, ते आपण दरवर्षी घेतलेच आहेत आणि घेणारा फक्त आपल्यामागे टिकणाऱ्या उत्पन्नाचे पैसे देतो, हे मी त्यांना सांगितले. वैद्यक परिषदेची नोंदणीही व्यक्तीच्या नावे असते. ती विक्रीत जात नाही. किंमत वाढवायची तर पेशंट टिकतील अशी सोय करावी लागते. म्हणून सहा महिने जुन्या आणि नव्या डॉक्टरांनी दवाखान्यात एकत्र बसावे, कंपाउंडरला कायम ठेवावे (निम्म्या गावाची दुखणी त्यालाच पाठ असतात) आणि नावलौकिकाची निम्मी रक्कम वर्षानंतर, जमा टिकल्यास द्यावी, असे ठरले. स्वतः कमावलेल्या नावलौकिकाची खरेदी-किंमत करासाठी शून्य धरली जात असल्याने ती सगळी रक्कम भांडवली नफा ठरते, हेही हिशेबात घेतले.

अडले ते एकाच कलमावर. डॉक्टरांना संध्याकाळी तासभर घरी जुने पेशंट पाहायचे होते. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ व्यवसायबंदीचे करार रद्द ठरवते, मात्र नावलौकिक विकणाऱ्यावर ठरावीक परिसरापुरते वाजवी बंधन घालण्यास मुभा देते, आणि घेणाऱ्याने ते मागितलेच. दोन दिवस विचार करून डॉक्टरांनी सही केली. घरी फक्त नातेवाईक तपासण्याची सवलत मात्र त्यांनी लिहून घेतली.