वाळवंटात जायचं तर पाण्याच्या मागे जा

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जानेवारीत सहा दिवसांची रजा मिळतेय, जैसलमेरला जावं असं मनात आहे, पण ऑफिसातली मंडळी म्हणतात की तिथे वाळूशिवाय आहे काय, दोन तासांत बघून होतं. आणि शेवटी तू विचारलंयस, "बाई, खरं सांगा, एवढ्या लांब जाण्याजोगं आहे का?"

आहे. पण तुझ्या ऑफिसातली मंडळीही खोटं बोलत नाहीत, म्हणून आधी त्यांची बाजू सांगते.

मी पहिल्यांदा गेले 2006 साली. जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर सम गावच्या वाळूच्या टेकड्यांजवळ एका तंबूंच्या मुक्कामी दोन रात्री काढल्या. उंटावर वीस मिनिटं, सूर्यास्ताला जत्रेसारखी गर्दी, रात्री कर्ण्यावर सिनेमाची गाणी. सकाळी टेकडीवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. परत आले आणि दहावीच्या वर्गात सांगून मोकळी झाले की वाळवंट एकदा बघायला ठीक आहे, त्यात फार काही नाही. भूगोल शिकवणाऱ्या बाईने दोन रात्रींच्या जोरावर असं बोलावं, याचं मला आजही वाईट वाटतं. तुम्हा मुलांना मी त्या दिवशी चुकीचं शिकवलं. हे पत्र जरा लांबलं तर त्याचं कारण तेच आहे असं समज.

तीन वर्षांनी पुन्हा गेले ती जैसलमेरजवळच्याच खुरी गावाच्या बाजूला, एका ओळखीच्या माणसाच्या ओळखीने, एका कुटुंबात राहायला. पहिल्याच संध्याकाळी जेवण झाल्यावर घरातली सून ताटं घेऊन अंगणात बसली. मी पाण्याची बादली शोधत होते. तिने मूठभर वाळू ताटात घेतली, तळहाताने गोल गोल फिरवली, झटकली, दुसरी मूठ घेतली, पुन्हा फिरवली आणि फडक्याने पुसून ताट भिंतीला उभं केलं. पाण्याचा एक थेंब लागला नाही. मी ते ताट हातात घेऊन पाहिलं. तुपाचा ओशटपणा नव्हता, वासही नव्हता. दुसऱ्या दिवशी घरातले आजोबा अंघोळीला बसले ते बाजेवर. बाजेखाली परात. अंगावरून गळलेलं पाणी परातीत जमलं आणि ते शेळ्यांपुढे ठेवलं गेलं. तांब्याभर पाणी दोनदा कामाला आलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, इथे बघायचं काय ते आता कळतंय.

हा आकडा लक्षात ठेव. जैसलमेरला वर्षभरात पाऊस पडतो सरासरी 200 मिलिमीटरच्या आसपास. आपल्या महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या घरात पडतो. जैसलमेरचं अख्खं वर्ष महाबळेश्वरात जुलैच्या एका जोरदार दिवसात पडून जातं. तरीही जैसलमेर ज्यात येतं ते थरचं वाळवंट हे जगातल्या सगळ्यांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. माणसं तिथे शतकानुशतकं राहिली, त्यांनी 1156 साली किल्ला उभारून शहर वसवलं, व्यापार केला, हवेल्या बांधल्या, गाणं सांभाळलं. ती कशी राहिली, एवढा एकच प्रश्न घेऊन जा. सहा दिवस कमी पडतील.

तिथली माणसं पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचं थेट साठवलेलं ते पालर. खोल विहिरीचं ते पाताळ, आणि ते बहुतेक ठिकाणी खारं. या दोहोंच्या मधलं ते रेजाणी. हे तिसरं पाणी बघायला मिळालं तर सोडू नकोस. काही भागांत वाळूखाली खडीचा, म्हणजे जिप्समसारख्या खडकाचा पट्टा असतो. पाऊस वाळूत मुरतो, त्या पट्ट्यावर अडतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. वरची वाळू त्याला उन्हापासून झाकून ठेवते. तिथवर माणसाने एक अरुंद विहीर खणायची. तिला बेरी म्हणतात, कुठे कुई म्हणतात. तिच्यात चहूबाजूंच्या ओल्या वाळूतून थेंब थेंब गोडं पाणी झिरपतं. तोंड मुद्दाम लहान, वाफ कमी जावी म्हणून. खणणारा हातभर जास्त खाली गेला आणि पट्टा फुटला, की गोडं पाणी खाली निघून गेलं. वर उभ्या असलेल्या तुला नुसती एक दगडी कड आणि झाकण दिसेल. शेजारून जीप गेली तर कळणारही नाही.

कुलधऱ्याला सगळे जातात, तूही जाशील. पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव. दिवाणाच्या जुलमाला कंटाळून चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठली, ही कथा तुला तिथे प्रत्येक जण सांगेल, वर भुतंही सांगेल. पाणी आटत गेलं हेही गाव उठण्याचं एक कारण असावं, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. तू मात्र त्या भिंतींपेक्षा पालीवालांचं खडीन शोध. उताराच्या तळाशी मातीचा लांब बांध घालायचा, आजूबाजूच्या खडकाळ जमिनीवरून वाहून येणारं पाणी त्याच्यामागे अडवायचं, ते मुरू द्यायचं आणि ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. पुढे पाऊस नाही, पाट नाही, तरी पीक येतं. त्या परिसरात अशी खडिनं आजही पेरली जातात. जानेवारीत जाशील तेव्हा पिवळ्या-करड्या माळावर मधेच हिरवागार चौकोन दिसेल. तिथे गाडी थांबवायला सांग आणि बांधावर जाऊन बस.

आणखी एक. वाळवंट म्हणजे नुसत्या वाळूच्या टेकड्या, हे चित्र डोक्यातून काढून टाक. टेकड्यांना तिथे धोरे म्हणतात, पण जैसलमेरच्या आसपास खडकाळ माळ आणि झुडपंच जास्त. बारमेरच्या रस्त्यावर सतराएक किलोमीटरवर आकल आहे. तिथे उघड्यावर दगड झालेली झाडांची खोडं पडली आहेत, सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीची. साल, गाठी, तंतू, सगळं ओळखू येतं. म्हणजे इथे एके काळी दाट जंगल होतं. तिथून बाहेर पडताना रस्त्याकडेची खेजडी बघ. ती म्हणजे आपली शमी. तिच्या शेंगा वाळवल्या की सांगरी. ती केर नावाच्या झुडपाच्या फळांबरोबर शिजवतात आणि बाजरीच्या भाकरीशी वाढतात. ताटात आली की नाही म्हणू नकोस. दुष्काळातही जे उगवतं, ते त्यांनी स्वयंपाकात नेमकं हेरून ठेवलंय.

देवराई तुला माहीत आहेच. तिकडे तिला ओरण म्हणतात. देवीच्या नावाने राखलेली जमीन, जिथे कुऱ्हाड चालवायची नाही, गुरं मात्र चरू शकतात. आपल्या आणि त्यांच्या माणसांना हे वेगवेगळं सुचलं, की कुठून तरी एकच शहाणपण आलं, यावर मी अजून विचार करते आहे.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट. माळढोक पक्षी. सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 पासून त्याच्यासाठी अभयारण्य आहे, मी तुमची सहलही नेली होती, आठवतंय? आपल्याकडे तो आता जवळजवळ दिसेनासा झाला. जगात मोकळ्या रानात दीडशेच्या आसपासच उरलेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. तिथे त्याला गोडावण म्हणतात. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांवर आदळून मरतो. म्हणून डेझर्ट नॅशनल पार्कात जाशील तर माग सोडून गाडी घालायला कुणालाही सांगू नकोस. तो जमिनीवरच अंडं घालतो, बहुधा एकच. पक्षी नाही दिसला तरी चालेल. जवळून फोटो मिळवून देतो असं कुणी म्हणालं तर त्याच्या गाडीत बसू नकोस.

तू विचारलंस की जाण्याजोगं आहे का. मला वाटतं, आपल्या जाण्याने त्या जागेचं काय होतं, हेही त्याच प्रश्नात येतं. किल्ल्याच्या आतल्या हॉटेलांत मी राहत नाही. किल्ल्याच्या पायात मऊ थर आहेत, आत पाणी आणि सांडपाणी वाढलं तसं ते मुरलं, बुरूज आणि भिंती खचल्या. खाली शहरात राहा, दिवसा वर जा. शॉवरखाली उभी राहू नकोस, एका बादलीत भागव.

व्यवहाराचं थोडं. फक्त दोन दिवस मिळणार असतील तर जाऊ नकोस, माझ्यासारखी फसशील. सहा असतील तर एक दिवस शहर आणि चार रात्री एकाच गावात. एकटी जातेयस, आईचा जीव टांगणीला लागणार, तेव्हा हॉटेलापेक्षा कुटुंबवत्सल घरात राहा आणि पत्ता घरी देऊन ठेव. सीमेजवळच्या काही गावांना प्रशासनाची परवानगी लागते, आधी विचार. जानेवारीत दुपारी ऊन सुखाचं असतं, पण कोरड्या, निरभ्र हवेत रात्री वाळू झपाट्याने गार होते आणि पारा पाच-सहा अंशांवर येतो. लोकरीचं टोपरं घे. पायात बंद बूट, कारण भुरट नावाच्या गवताची कुसळं मोज्यांत शिरतात. अमावास्येच्या आसपास जा. संध्याकाळी पूर्वेकडे मृग वर चढलेला असेल, त्याच्यामागे व्याध. पाठ टेकून झोप आणि बघत राहा.

आणि एक सकाळ उन्हं चढायच्या आत एकटीच धोऱ्याच्या कडेला जा. वाऱ्याने पुसलेल्या वाळूवर रात्रीचे माग असतात. किड्यांचे बारीक दुहेरी टाके, मधेच उंदराच्या उड्या, एके ठिकाणी उडी संपते आणि दोन्ही बाजूंना पंखांचे फराटे दिसतात. तासाभरात वारा सुटला की काही राहत नाही.

बेरी सापडली तर तिच्या दगडी कडेवर हात फिरव. दोर ओढून ओढून पडलेले चरे लागतील. किती आहेत आणि बोट कितपत आत जातं, ते मला परतल्यावर कळव.

तुझ्या भूगोलाच्या बाई