आवाज बाहेर येतो, म्हणून गटातून काढलं

दिवाळीची सुट्टी संपता संपता बारावी कॉमर्सची एक मुलगी आईवडिलांबरोबर समुपदेशनाला आली. घर नाशिकला इंदिरानगरमध्ये, वडिलांचं छोटं दुकान. मुलगी शास्त्रीय गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झालेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बारावीनंतर तिला पुण्याला जाऊन संगीतात बी.ए. करायचं होतं.

वडील म्हणाले, "मॅडम, गाण्याला आमची ना नाही. पण डिग्री कॉमर्सचीच पाहिजे. उद्या पोट कशावर भरणार?" आईने मधला मार्ग सुचवला, "दोन वर्षांत विशारद होईलच की, तीही पदवीच ना?"

हा गैरसमज बऱ्याच घरांत असतो, म्हणून तो आधी दूर करावा लागतो. विशारद ही अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा आहे. गाण्याच्या क्षेत्रात तिला मोठा मान आहे. कुठल्याही शाखेची पदवी आणि सोबत विशारद असेल, तर अनेक विद्यापीठांत संगीताच्या एम.ए.ला बसता येतं. पण जिथे अर्जात 'पदवीधर' असं लिहिलेलं असतं, तिथे नुसतं विशारद पुरत नाही.

या सगळ्या बोलण्यात मुलगी गप्प होती. पुढच्या भेटीत तिला एकटीला बोलावलं, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी समूहगान बसत होतं आणि तिला गटातून काढलं होतं. "सर म्हणाले, तुझा आवाज बाहेर येतो. सहा जणांत मला गाता येत नाही, तर विद्यापीठात कोण घेणार?" वडिलांच्या विरोधाला ती तोंड देऊ शकली असती. मुळात तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता, आणि हे घरी कुणालाच माहीत नव्हतं.

तिच्या मोबाइलमध्ये सरावाचं रेकॉर्डिंग होतं. एका अनुभवी संगीतशिक्षिकेला सोबत बसवून ते चार-पाच वेळा ऐकलं. सूर पक्का होता. अडचण तीन ठिकाणी होती. प्रत्येक ओळीचा शेवटचा स्वर ती बाकीच्यांपेक्षा साधारण अर्धी मात्रा जास्त धरत होती. वर जाताना सवयीने खटका (स्वराला दिलेलं झटपट वळण) घेत होती. एकटं गाताना हाच खटका शोभतो, गटात मात्र पाच सरळ आवाजांवर एक वळलेला आवाज लगेच कानात भरतो.

तिसरी अडचण पट्टीची, म्हणजे 'सा' किती उंच धरायचा याची होती, आणि ती तिची चूक नव्हती. गटात तीन मुलगे, तीन मुली. गाणं मुलग्यांच्या सोयीने काळी एकमध्ये (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी 'सा' धरून) बसवलेलं. ही मुलगी एकटी गाते काळी चारमध्ये. म्हणजे गटाचा षड्ज (सा) तिच्या मध्यमावर (म) येत होता. गाण्याचा सगळ्यात वरचा स्वर तार गंधार (वरच्या सप्तकातला ग), तो तिच्या नेहमीच्या पट्टीत तार धैवतावर (वरचा ध) पडत होता. तिथे कुठल्याही मुलीचा आवाज ताणला जाणारच, आणि ताणलेला आवाज बाहेर येणारच. बाकीच्या दोघी त्या जागी चक्क तोंड हलवत होत्या. ही मनापासून गात होती, म्हणून नेमकी हीच ऐकू येत होती.

गाणं एक पूर्ण स्वर खाली, पांढरी सातवर आणलं की तोच वरचा स्वर तिच्या तार पंचमावर (वरचा प) येतो. तो तिला आरामात लागतो. मुलग्यांना खालचे एक-दोन स्वर थोडे जड जातात, तेवढं चालतं. फक्त तबला आधी पाहावा लागतो. काळी एकचा तबला एवढा उतरवला तर त्याचा नाद ढिला पडतो. मग मोठ्या तोंडाचा तबला आणावा. हे सगळं सरांशी नम्रपणे कसं बोलायचं, याची तिच्याकडून तालीमच करून घेतली. "सर, एकदा पांढरी सातवर गाऊन बघू या का?" एवढंच वाक्य. माझं काय चुकलं, कुणाचं काय चुकलं, यातलं काही बोलायचं नाही.

चार आठवड्यांचा सरावही आखून दिला. रोज दहा मिनिटं तानपुरा पांढरी सातवर लावून निम्म्या आवाजात आकार, म्हणजे नुसत्या 'आ'वर गाणं. शब्दांच्या कागदावर पेन्सिलीने श्वासाच्या खुणा, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वर किती मात्रा धरायचा तो आकडा. गटात उभं राहताना शेजारणीचा आवाज ऐकू आला पाहिजे. तो येत नसेल तर आपण जोरात गातोय, हे धरून चालायचं. डिसेंबरच्या गॅदरिंगला सरांनी तिला परत घेतलं.

विद्यापीठाच्या पातळीवर हेच कौशल्य लागतं. युवक महोत्सवाच्या भारतीय समूहगानात जास्तीत जास्त सहा गायक आणि तीन साथीदार असतात, वेळ दहा मिनिटं, आणि चित्रपटगीत चालत नाही. सहाच आवाज असले की कुणालाही मागे लपायला जागा नसते. निवडीच्या वेळी परीक्षक मुलांना एकेकटं गाऊन घेतात आणि मग दोघातिघांना एकत्र गायला सांगतात. पुष्कळ चांगले गाणारे गळतात ते या दुसऱ्या भागात. चालू वर्षाचे नियम मात्र कॉलेजच्या सांस्कृतिक विभागातून घेऊन स्वतः वाचावेत. मित्राने सांगितलेल्या नियमांवर गाणं बसवलं की ऐनवेळी घोळ होतो.

आता वडिलांचा प्रश्न. पदवीचा निर्णय हौसेवर घेऊ नये आणि भीतीपोटीही घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. म्हणून सहा आठवडे वही ठेवायला सांगितली. कुणी न सांगता किती मिनिटं रियाज झाला, एवढाच आकडा रोज लिहायचा. बेचाळीस दिवसांपैकी छत्तीस दिवस रियाज झाला होता, बहुतेक दिवशी पाऊण तास ते तास. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात तो वीस मिनिटांवर आला, पण बंद पडला नाही. दुकानाची वही रोज लिहिणाऱ्या वडिलांना हे आकडे आमच्या बोलण्यापेक्षा लवकर पटले. एखाद्या मुलाच्या वहीत बेचाळीसपैकी दहाच दिवस भरले असतील, तर आम्ही दुसऱ्या विषयाची पदवी घेऊन कॉलेजच्या गटात गाण्याचा सल्ला देतो. त्यात कमीपणा काहीच नाही.

पोट भरण्याचे मार्गही कागदावर मांडले: खासगी वर्ग, शाळेत संगीतशिक्षक, साथसंगत, आकाशवाणीची श्रेणी (तिथे गाण्यासाठी कलाकाराला मिळणारा दर्जा), आणि एम.ए.नंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी. यातला पहिला मार्ग सर्वांत लवकर सुरू होतो, पण सुरुवातीला पैसे अनियमित येतात, हेही सांगितलं. वडिलांना पंचवटीची आठवण करून दिली. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे नाशिकला पंचवटीत रामनाम आधार आश्रम उभारला. गाणं शिकवून सन्मानाने जगता यावं, म्हणून त्यांनी शिक्षक घडवले. त्या रस्त्याने वडील रोज जात होते.

मार्ग निघाला तो दोन पदव्यांचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला परवानगी दिली. एक नियमित वर्गात बसून आणि दुसरी दूरशिक्षणाने घेता येते. त्यामुळे पुण्यात संगीताचं बी.ए. आणि आपल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. अशी जोडी जमली. अडचण येते परीक्षांच्या तारखांची. त्या एकमेकींवर येतात का, हे प्रवेश घेण्यापूर्वी दोन्हीकडे विचारावं. दोन्ही संस्थांना दोन्ही प्रवेशांची माहिती आधीच द्यावी.

प्रवेशाच्या चाचणीसाठी तिला सहा राग तयार करायचे होते. शिक्षिकेने दोनच ठेवले, यमन आणि भैरव. दहा-बारा मिनिटांत परीक्षक स्वर, लय आणि रागाची समज पाहतात, रागांची संख्या मोजत नाहीत. हातावर तीनताल, एकताल आणि झपताल न चुकता धरता आले पाहिजेत. मुलं नेमकी इथेच अडखळतात, कारण घरी ताल ॲप धरतं.

शेवटच्या भेटीत आईची काळजी उरली होती, वसतिगृहाची. ती रास्त होती, पण वेगळ्या कारणासाठीही. बहुतेक वसतिगृहांत सकाळी सहाला गायला लागलं की तक्रार होते, आणि महिन्याभरात रियाज सुटतो. म्हणून खोली ठरवण्याआधी विभागात जाऊन दोन गोष्टी विचारायला सांगितल्या: सरावाची खोली किती वाजता उघडते आणि सुट्टीच्या दिवशी किल्ली कुणाकडे असते. आईने वहीच्या मागच्या पानावर दोन्ही प्रश्न लिहून घेतले.