मेकॅनिकल करून बायोइंजिनिअरिंगमध्ये एमएस करतोय, पहिल्या सेमला कोणते कोर्स घेऊ?

पुण्यातून मेकॅनिकल केलंयस आणि बायोलॉजी बारावीपासून सुटलीय म्हणतोस, तर पहिल्या सेमला फिजिओलॉजी (शरीराचं काम कसं चालतं ते) आणि बायोस्टॅटिस्टिक्स (जैविक डेटाचं संख्याशास्त्र) घेऊनच टाक, तिसरा तुझ्या ओळखीचा म्हणजे कंटिन्युअम मेकॅनिक्स (सलग पदार्थावर बल आलं की तो कसा ताणतो-वाकतो ते) किंवा बायोमेकॅनिक्स (तेच शरीरासाठी). अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ३० क्रेडिट्स असतात, थेसिस म्हणजे संशोधन प्रबंध घेतलास तर त्यातले काही त्यातच जातात, म्हणून थेसिस की नॉन-थेसिस हे आधी ठरव आणि मग कोर्स निवड, उलटं नको.

फिजिओलॉजीचा एवढा आग्रह का? धमनीचंच बघ ना, ताणायला लागलं की आधी इलॅस्टिन हे लवचिक प्रथिन लोड घेतं म्हणून ती मऊ लागते, मग कोलॅजन या चिवट प्रथिनाचे वाकडे धागे सरळ होतात आणि ती एकदम कडक होते, स्टीलसाठी शिकलेला सरळ रेषेचा हूकचा नियम (जेवढा लोड, त्याच प्रमाणात ताण) इथे चालतच नाही. आत काय आहे हेच माहीत नसेल तर मॉडेल काय बनवणार!

बऱ्याच इलेक्टिव्ह वर्षातून एकदाच असतात, त्यामुळे दोन्ही वर्षांचं टाइमटेबल आत्ताच कागदावर मांड आणि कशाला कुठलं प्रीरिक्विझिट आहे, म्हणजे आधी कुठला कोर्स झालेला लागतो, ते तपास.

अमेरिकेला निघायला वेळ असेल तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर सेल बायोलॉजी फुकट आहे, ते कर. आणि पुण्यात पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) नाहीतर आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था), विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस (पेशीविज्ञान केंद्र), इथल्या एखाद्या प्रोफेसरांना मेल टाकून लॅब बघायला मिळते का विचार, सेल कल्चर (पेशी बाहेर वाढवणं) प्रत्यक्ष बघितलंस की वेट लॅब, म्हणजे पेशी-रसायनांचं हाताने करायचं काम, आपल्याला झेपेल का ते लगेच कळतं.